आतून उघडणारं दार

गादीताईंना खरं नावही होतं, पण ते बँकेच्या पासबुकात राहायचं. गावात त्या गादीताईच. नवऱ्याने बाजाराच्या टोकाला गाद्यांचं दुकान टाकलं होतं. तो कापूस पिंजायचा, या खोळी शिवायच्या, आणि भरलेली गादी दोघं मिळून टाचायची. एकाने वरून दाभण खुपसायचा, दुसऱ्याने खालून ओढायचा. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता दुकानाला कुलूप. पण महिना उलटायच्या आत बाई पिंजायला बसल्या. कोणी नवलाने विचारलं तर म्हणायच्या, "राजा गेला की राणीनेच गादी चालवायची," आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसायच्या.

कुठेही गेल्या की बसण्याआधी त्या खुर्ची असो, बाक असो, पलंग असो, तळहाताने एकदा दाबून बघत. त्याला त्या नाडी बघणं म्हणत. लग्नाला गेल्या तरी नाडी, कोणाच्या दुःखात भेटायला गेल्या तरी नाडी. लोकांना सवय झाली होती.

पिंजायला बसल्यावर दोनेक वर्षांनी खोकला लागला. आधी त्यांनी मनावर घेतलं नाही. कापसात बसणाऱ्याला खोकला नाही होणार तर काय सोन्याची नाणी होणार, असं त्यांचं म्हणणं. मग जिना चढताना मधे थांबावं लागू लागलं. मग बोलताना वाक्याच्या मधे. गावच्या डॉक्टरने छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की बारीक तंतू आत बसलेत, इथे काही होणार नाही, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जा. तिथे रोज जावं लागेल, श्वासाचे व्यायाम असतील, औषधं बदलून बदलून बघतील. काही आठवडे धरून चला.

शहर त्यांनी पाहिलेलं नव्हतं असं नाही, पण तिथे राहिल्या कधीच नव्हत्या. त्यांनी ठरवलं की दवाखान्याजवळ एखादी खोली घ्यायची, हातपाय पसरायला जागा असली की झालं. हे त्यांनी फोनवर धाकट्या दिराला सांगितलं, तेही शहरात कुठली वस्ती बरी एवढं विचारायला. दीर तिकडे मोठ्या कंपनीत होता, बायकोही नोकरी करायची, मूलबाळ नव्हतं.

"वहिनी, मी इथे जिवंत असताना तू लॉजवर राहणार?" तो म्हणाला. "लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

गादीताई लग्न होऊन आल्या तेव्हा हा शाळेत होता. त्याचं दप्तर त्यांनी शिवलेलं. शिकायला बाहेर गेला तेव्हा वळकटी होईल अशी पातळ गादी त्यांनीच भरून दिलेली. तो त्यांना अगं-तुगं करायचा, त्या मात्र पहिल्या दिवसापासून त्याला भाऊजी म्हणत आणि अहो-जाहो करत. पुढे तो मोठा झाला, येणं-जाणं कमी झालं, पण या फोनने त्यांना बरं वाटलं. आपल्यावर हक्क सांगणारं कोणी उरलंय, हे त्या वयात काही लहान सुख नव्हे.

घर एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी बंद दारं. पाऊल वाजलं की डोक्यावरचा दिवा लागायचा आणि माणूस पुढे सरकलं की आपोआप विझायचा. घरात सगळं टापटीप. गादीताईंना एक लहान खोली दिली. पाहुण्यांची खोली, दीर म्हणाला. जावेने धुतलेली चादर घातली, उशाशी पाण्याची बाटली ठेवली, वाफ घ्यायचं यंत्र आणून दिलं. गोड बोलली, पण फार बोलली नाही.

खोलीला खिडकी होती आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. हात लांब केला तर लागली असती.

सकाळी चादर झटकताना गादीताईंनी सवयीने गादीवर हात फिरवला, आणि हात थांबला. पाहुण्यांच्या गाद्या त्यांनी आयुष्यभर भरल्या होत्या. ती गादी मधोमध बसते, आणि तीही थोडीशीच. ही गादी भिंतीच्या कडेने खचली होती, खांद्याला खोल, कमरेला खोल. एक उंच माणूस भिंतीकडे तोंड करून वर्ष-दोन वर्षं तरी इथे झोपत होता. कपाट उघडलं तर दिराचे शर्ट. पलंगाखाली दिराच्या चपला. गादीताईंनी चादर घातली, कडा नीट खोचल्या आणि मूग गिळून चहाला गेल्या.

दिवस असा ठरून गेला. सकाळी दीर गाडीतून दवाखान्यात सोडायचा. त्यांचं होईपर्यंत गाडीत बसून फोनवर ऑफिसची कामं उरकायचा, मग परत घरी आणून सोडायचा आणि कामावर जायचा. दार ओढलं की आपोआप लागायचं. बाहेरच्या बाजूला आकड्यांची पट्टी होती, आकडे दाबले तरच उघडायचं. आतून मात्र मूठ फिरवली की उघडायचं. म्हणजे बाहेर पडायची मुभा होती, परत यायची नव्हती.

हे त्यांना कळलं ते फजिती होऊनच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी भिंत बघून बघून जीव उबगला, म्हणून त्या बोळात दोन फेऱ्या माराव्यात असं म्हणून बाहेर आल्या. मागे टक्क आवाज झाला. पायात चपला नाहीत, फोन आत. त्यांनी दार ढकललं, आकडे बघितले, कुठला दाबणार? जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. बसल्या की दिवा विझायचा. मग हात हलवायचा, की लागायचा. पिशव्या घेऊन वर येणाऱ्या एका शेजाऱ्याने विचारलं, कोणाची वाट बघताय?

"दाराची," गादीताई म्हणाल्या.

तो बिचारा हसावं की नाही ते न कळून आपल्या दारात शिरला, आणि त्याचंही दार टक्क झालं. पायरी थंड होती. संध्याकाळपर्यंत पाय बधीर झाले आणि खोकल्याची उबळ आली की सगळा जिना घुमायचा. कोणी दार उघडून बघितलं नाही.

जाऊ आधी परतली. पायरीवर बसलेल्या गादीताई दिसल्या तसा तिचा चेहराच उतरला. आत नेऊन तिने गरम पाण्यात पाय ठेवायला लावले, स्वतः खाली बसून टॉवेलने पुसले. गादीताईंनी आकडा विचारला. ती म्हणाली, यांना विचारा ताई. रात्रीच्या जेवणाला दिराला विचारलं, तर तो म्हणाला, तिला विचार वहिनी. ती तिथेच बसली होती, हातभर अंतरावर. ताटाकडे बघत होती.

त्यानंतर गादीताईंचं लक्ष गेलं की ही दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. सगळं यांच्यामार्फत. ताई, यांना सांगा, उद्या मला उशीर होईल. वहिनी, तिला विचार, वीजवाला येऊन गेला का. आधी गंमत वाटली. गावात भांडलेल्या दोन जावा अशाच मांजराला मधे घालून बोलायच्या. पण मांजर उठून जाऊ शकतं. गादीताई उठून खोलीत गेल्या की बाहेर असं काही शांत व्हायचं की छाती दडपायची. म्हणून त्या बसून राहायच्या, झोप आली तरी. बोलत राहायच्या, धाप लागली तरी. गावच्या गमती, दुकानातली गिऱ्हाइकं, कोणाची गादी उंदराने कशी पळवली. दोघंही हसायची, पण आळीपाळीने.

खोकला दाबायची सवय तिथेच लागली. भिंती पातळ होत्या. एकदा उबळ आल्यावर पलीकडच्या मोठ्या खोलीत दिवा लागलेला त्यांनी दाराच्या फटीतून पाहिला. नंतर त्या उशीत तोंड खुपसून खोकायला लागल्या. दवाखान्यात सांगायचे, खोकला येतो तेव्हा येऊ द्या, बाहेर पडू द्या. घरी आल्या की नेमकं उलटं.

दवाखान्यात श्वासाच्या व्यायामाला सगळे गोल बसायचे. हातात एक प्लॅस्टिकची नळी, नळीत रंगीत गोळे, ओढून श्वास घेतला की गोळे वर चढायचे. गादीताईंच्या शेजारी एक धिप्पाड बाई बसायची. जन्मभर बसमध्ये कंडक्टर, आता निवृत्त. धूर खाऊन छाती काळी झालीय असं स्वतःच सांगायची. कोणी रेंगाळलं की अजूनही ओरडायची, "पुढे सरका, मधे जागा आहे." तिचे तिन्ही गोळे कधीच वर जात नसत, आणि दर वेळी ती गोळ्यांनाच दमात घ्यायची. गादीताईंना दिवसभरात मोकळं हसू यायचं ते एवढ्या वेळातच.

पहिले ठरलेले आठवडे संपत आले. एके दिवशी डॉक्टरांनी दिरालाही आत बोलावलं. छातीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ बोलायच्या. म्हणाल्या, अपेक्षेइतका फरक नाही. अजून दीड-दोन महिने तरी थांबावं लागेल.

 दुकान, बंद घर, अंगणातलं झाड, सगळं गादीताईंच्या डोळ्यांपुढून गेलं. आधाराला म्हणून त्यांनी दिराकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं आपली नजर चुकली. दिराचा चेहरा खुलला होता. एखाद्याला मुदत वाढवून मिळावी तसा. त्याने लगेच सावरलं, काळजीचा आवाज काढला, थांबू की वहिनी, घर तुझंच आहे म्हणाला. पण जे दिसायचं ते दिसलं होतं.

 घरी आल्यावर त्या खोलीत बसल्या आणि दोन आणि दोन चार करत राहिल्या. ज्याच्या खोलीत आपण झोपतो तो कुठे झोपतो? बायकोच्या खोलीत. आपण आलो नसतो तर कुठे झोपला असता? इथे. मग आपण येऊन कोणाची सोय झाली आणि कोणाची गैरसोय?

दुसऱ्या दिवशी जाऊ घरून काम करणार होती. गादीताई भाजी निवडायला तिच्यासमोर बसल्या आणि आडवळण न घेता म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझी कोंडी झालीय का गं?"

जावेने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. वेगळं व्हायचं दोघांत ठरून चुकलं होतं. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, काही नाही. कित्येक वर्षं एकमेकांशी बोलायचं राहूनच गेलं होतं, आणि आता बोलावंसं वाटत नव्हतं. तिने दुसरीकडे जागाही बघून ठेवली होती. तेवढ्यात गावाहून फोन आला. नवरा म्हणाला, वहिनी आजारी आहे, तिच्यासमोर शोभा नको, ती बरी होऊन जाईपर्यंत थांब. ती थांबली. माणुसकीला धरून थांबली.

"मला वाटलं, थोडेच दिवस," ती म्हणाली. "ताई, तुमच्यावर राग नाही. पण रोज त्या खोलीत जाताना माझे पाय जड होतात. आणि तुम्ही उशीत खोकता ते मला ऐकू येतं. मग वाटतं, ही बाई आपल्याला सांभाळतेय की आपण तिला?"

"आणि दाराचा आकडा?"

"ज्या घरातून निघायचं ठरवलं, त्याची किल्ली मी दुसऱ्याला कुठल्या तोंडाने देऊ?"

गादीताई मान खाली घालून भाजी निवडत राहिल्या. निवडलेली कुठली आणि टाकायची कुठली याचं भान राहिलं नाही. दोघींनी मग हसत हसत सगळी परत निवडली.

त्या दिवसापासून त्यांनी जागा शोधायला घेतली, पण चोरासारखी. दिराला सांगितलं की व्यायामाचा वेळ वाढवलाय, आणि मधल्या वेळात दवाखान्याच्या मागच्या दाराने बाहेर पडायच्या. रुग्णांसाठी एक वसतिगृह होतं, तिथे सगळ्या खाटा भरलेल्या. व्हरांड्यात बोचक्यांवर बसून लोक खाट रिकामी व्हायची वाट बघत होते. खाट कशामुळे रिकामी होते ते कोणी बोलत नव्हतं. गादीताईंना तिथे नंबर लावावासा वाटला नाही. पुढच्या गल्लीत एक लॉज होतं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, एकट्याच? बरोबर कोण?

"खोकला आहे बरोबर," त्या म्हणाल्या.

विनोद त्याला कळला नाही, खोकला मात्र कळला. खोल्या भरल्यात म्हणाला. मागे किल्ल्यांच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. दुसऱ्या लॉजमध्ये खोली मिळत होती, पण ती तळघरात, खिडकी नाही. गादीवर हात ठेवला तर ओल हाताला लागली. छातीचा आजार घेऊन इथे राहायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिसरीकडे बाईमाणसाला एकटीला देत नाही म्हणाले. कारण विचारलं तर नियम म्हणाले. नियम कोणाचा म्हटलं तर मालकाचा, आणि मालक गावाला गेलेला.

धाप लागून त्या परत व्यायामाच्या खोलीत आल्या तर कंडक्टरबाई त्यांची नळी धरून बसलेली.

"रोज कुठे उतरता मधल्या स्टॉपला?" तिने विचारलं.

गादीताईंनी सांगून टाकलं. परक्या बाईला घरचं सांगू नये हे कळत होतं, पण घरच्यांना सांगण्याजोगं काही उरलं नव्हतं. कंडक्टरबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली की माझ्याकडे मागची एक खोली आहे. पोरगी लग्न करून गेल्यापासून रिकामी. दवाखाना चालत येण्यासारखा. फक्त एक अट. "यायचं तेव्हा या, जायचं तेव्हा जा, मला विचारू नका. जन्मभर लोकांनी मला विचारलंय, कुठे उतरू. आता कान किटले."

गादीताईंनी ती खोली बघितली. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. खिडकीतून गल्ली दिसायची, माणसं दिसायची. गादी भयंकर होती, नुसत्या गाठी. त्यांनी हो म्हटलं.

आता उरलं दिराला सांगणं. दवाखान्यातून परतताना, सिग्नलला गाडी थांबली असताना त्यांनी विषय काढला. जागा बघितली, व्यायामातल्या शेजारणीचीच आहे, दवाखाना जवळ पडेल, तुम्हाला रोजची धावपळ नको. त्याने ऐकलं, आणि गाडी हलवल्यावर पहिल्या मोकळ्या जागेत कडेला लावली.

"वहिनी, तू गेलीस की तीही जाईल," तो म्हणाला.

त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, गाडी बंद असून. मग म्हणाला, मला सगळं कळतं, मी तुला का आणलं तेही तुला आता कळलंच असेल. पण तू आल्यापासून ती घरी जेवते. तू बोलतेस तेव्हा हसते. अजून थोडे दिवस मिळाले तर कदाचित. आकडा मी मुद्दामच दिला नाही, दिला असता तर तू बाहेर हिंडली असतीस आणि जागा बघितली असतीस. आईनंतर तूच. एवढं माझ्यासाठी कर.

काचा वर होत्या. गादीताईंना वाटलं, आता श्वास पुरणार नाही. हा तोच मुलगा होता, वळकटी खांद्यावर मारून गेलेला, वळणावर वळून बघणारा. त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. बघू, म्हणाल्या. आणि तो हसला, आणि गाडी घराकडे निघाली. बोळातले दिवे एकेक करून लागले आणि विझले, आणि दार टक्क झालं.

आणखी आठ-दहा दिवस त्या राहिल्या. ते दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. नवरा गेला तेव्हाही रडायला मोकळीक होती, इथे नव्हती. जाऊ आता त्यांच्याकडे बघायची ती काही न विचारता, आणि न विचारणं विचारण्यापेक्षा जड होतं. दीर संध्याकाळी फुलं आणायचा, ती टेबलावर ठेवायचा, आणि वहिनीला म्हणायचा, तिला सांग, फुलं आणलीत. जाऊ म्हणायची, ताई, सांगा, छान आहेत. गादीताई मधे बसून दोघांची भाषा एकमेकांना पोचवायच्या, आणि भाषा एकच होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्री उशीत खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. एका सकाळी दवाखान्यात नळी तोंडाला लावली तर एकही गोळा हलला नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही खोकला दाबता का? गादीताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि कंडक्टरबाईने पहिल्यांदाच कोणाला काही सुनावलं नाही.

त्याच दुपारी, घरी सोडून दीर कामावर जायच्या आधी, त्यांनी त्याला दारातच थांबवलं.

"भाऊजी, तुमचा संसार काय माझ्या खोकल्यावर उभा राहणार?"

तो म्हणाला, वहिनी, आत्ता नको.

"आत्ताच. मी बरी झाले तर ती जाणार, म्हणजे मी बरी होऊ नये असं तुम्हाला वाटायला लागलंय. तुम्ही वाईट नाही, पण वाटायला लागलंय. डॉक्टरांपुढे तुमचं तोंड मी बघितलं."

त्याने मान वळवली. कानापर्यंत लाल झाला. त्याला हे कोणी बोलून दाखवेल असं वाटलं नसावं, त्याने स्वतःलाही दाखवलं नसावं. तो गेला. दार लागलं.

गादीताईंनी पिशवी भरली, वेळ लागला, मधे दोनदा बसावं लागलं. गादीवरची चादर काढून घडी घातली. मग जावेला फोन करून सांगितलं की मी निघतेय, दार ओढून घेते, परत उघडता येणार नाही म्हणून सांगते. जाऊ म्हणाली, थांबा, मी येते. ऑफिस सोडून आली. पिशवी तिने घेतली. लिफ्टमध्ये दोघी आरशात दिसत होत्या, आणि जाऊ म्हणाली की तुम्ही जाताय म्हणून मला आनंद व्हायला हवा, पण होत नाहीये. गादीताई म्हणाल्या, होईल हळूहळू, नाहीच झाला तर सांग.

कंडक्टरबाईच्या खोलीत पहिले दोन दिवस त्यांनी नुसतं खोकून घेतलं. दार सताड उघडं, खिडकी उघडी. खालचा सायकलवाला वर बघून ओरडायचा, अजून इंजिन चालू होईना का? तिसऱ्या दिवशी कंडक्टरबाईने बजावलं की गादीला हात लावाल तर याद राखा, कापूस उडाला तर दोघी मरू. म्हणून त्या गाठींवरच झोपल्या, आणि त्यांना झोप लागली.

पण सुटका म्हणतात ती काही अशी सरळ मिळत नाही. पंधरा दिवसांत जाऊ घर सोडून गेली. ते सांगायला दिराचा फोन आला. एकच वाक्य बोलला, "झालं तुझ्या मनासारखं." आणि ठेवून दिला. गादीताई फोन हातात घेऊन खिडकीशी बसल्या. गल्ली होती, माणसं होती, हवा होती, आणि छातीवर तीच भिंत. आपण थांबलो असतो तर? हा प्रश्न त्या कंडक्टरबाईला रोज विचारायच्या. ती रोज सांगायची की थांबला असतात तर तुम्हीच वर गेला असतात, आता तिघंही जिवंत आहात, दोघं वेगळी झाली एवढंच. उत्तर पटायचं, प्रश्न जायचा नाही.

जाऊ एकदा भेटायला आली. नव्या जागेबद्दल बोलली, पातेली कमी पडतात म्हणाली. नवऱ्याचं नाव घेतलं नाही, पण निघताना चप्पल घालत घालत विचारलं, ते जेवतात ना वेळेवर? गादीताईंना सांगावंसं वाटलं, विचार की तूच. नाही सांगितलं. मला माहीत नाही गं, म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

उपचार संपले तेव्हा पाऊण जिना न थांबता चढता येऊ लागला होता. डॉक्टरीणबाईंनी कापूस कायमचा बंद केला. गादीताईंनी दिराला निरोप ठेवला होता, अमक्या दिवशी निघतेय. उत्तर आलं नव्हतं. पण निघायच्या सकाळी तो गल्लीत उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. त्याने वर येऊन पिशवी उचलली. दोघं बसस्टँडवर आले. बाकावर बसताना गादीताईंनी सवयीने बाक दाबून बघितला, आणि ते पाहून त्याला हसू आलं. मग तो एकदम उठून पाण्याची बाटली आणायला गेला. बराच वेळ आला नाही.

परत आला तेव्हा बस लागली होती. त्याने पिशवी वर ठेवून दिली आणि खिडकीखाली उभं राहून म्हणाला, "मी अजून त्या लहान खोलीतच झोपतो. मोठ्या खोलीचं दार उघडवत नाही."

"गावाला या चार दिवस," त्या म्हणाल्या.

"बघू," तो म्हणाला.

अजून आला नाही. दुकान चालू आहे. पिंजायला एक माणूस ठेवलाय, तो मागच्या अंगणात पिंजतो, आणि गादीताई पुढे बसून खोळी शिवतात. दिराचा फोन अधूनमधून येतो. तब्येत विचारतो, दुकानाचं विचारतो, मग बोलायचं संपतं तरी ठेवत नाही. जावेचाही येतो. ती जास्त बोलते. मागच्या वेळी दोघांचे फोन एकाच संध्याकाळी आले. एकाचा ठेवला तोच दुसरा वाजला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला त्यांनी हाताने थांब म्हटलं आणि फोन घेतला.